डावी बाजू

आधी अंड्यांनी सांगितलं.
डावीकडच्या ट्रेमध्ये रोज पाच, कधी सात.
उजवीकडची शाबूत,
शाळेच्या फोटोतल्या पोरांसारखी एका ओळीत गप्प.

मी हिशेबाची बाई.
वहीत लिहिलं: भिवा. हात जड.
दोन महिने त्याच्या पगारातून फुटीचे पैसे कापले.
तो काही बोलला नाही,
फक्त ट्रे ठेवताना श्वास धरायला लागला.

मग आवाज आला.
कमानीच्या वळणावर, कट्.
पुलाच्या सांध्यांवर, कट् कट्.
मी रेडिओ बंद केला,
जॅक गोणपाटात गुंडाळला,
सुट्या पैशांचा डबा मांडीवर घेऊन चालवली.
आवाज होता तिथंच.

ख्रिश्चन गावातला बावतीस
बॉनेटला हात न लावता शेजारी येऊन बसला.
"काच खाली घे, बाय. भिंतीला धरून चालव.
भिंतीवरून परत आलेला आवाज खोटं बोलत नाही."
बंद पडलेल्या कारखान्याच्या कुंपणालगत
तीन फेऱ्या, पायी माणसाच्या वेगानं.
त्याचे डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपला.

उतरून त्यानं मडगार्डवर सगळं अंग टाकलं नि सोडलं.
गाडी वर, खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली,
निघते निघते म्हणत दारात रेंगाळणाऱ्या पाहुणीसारखी.
"एकदा उठून गप बसायला पाहिजे. शॉकअप गेला."

जॅकवर चाक लोंबलं.
वर-खाली धरून हलवलं: टक्.
लोअर आर्मच्या बुडाशी पहार घातली
तशी बुशच्या रबराची चीर उघडली,
माझी करंगळी जाईल एवढी.
"हे आजचं नाय. वरीस झालं असंल."

वरीस.
भिवा चाकाशेजारी उकिडवा बसला होता,
डब्याच्या झाकणात नट मोजून ठेवत.
त्यानं मान वर केली नाही.
केली असती तर बरं झालं असतं.

शॉकअप जोडीनं बदलतात.
"उजवा बरा आहे की," मी म्हटलं.
"बरा दिसतो. नव्याशेजारी लावलास
की कळंल किती दमलाय."
मी तरी घासाघीस केलीच.

पार्ट आणायला सीएसटी रोडला भिवाच गेला.
पहिल्या दुकानातला खोका परत करून आला:
"शिक्का नखानं निघत होता."

जुना बोल्ट गंजून हट्टाला पेटलेला.
तेल, हातोडा, एक शिवी, पुन्हा तेल.
स्प्रिंग शिकंज्यात आवळताना
बावतीसनं आम्हा दोघांना दूर उभं केलं.
दाबलेली वस्तू कधी सुटेल सांगता येत नाही, म्हणाला.
स्प्रिंगबद्दलच म्हणाला.

नवं बुश बसलं. मी म्हटलं, आवळ आता.
"आता नाय. चाक लोंबताना आवळलं
तर रबर पिळून बसतं, चार महिन्यांत फाटतं.
गाडी भुईला टेकू दे, अंगावर वजन येऊ दे,
मग शेवटचा पीळ."

वजन म्हणून भिवा मागं बसला, मी पुढं.
खालून पान्याची कुरकुर.
आरशात त्याचा अर्धा खांदा दिसत होता,
डावा.

रात्री वही मागं उलटत गेले.
तीनशे बारा अंडी.
सकाळी ट्रे चढवायच्या आधी
नोटा त्याच्या हातात दिल्या, कशाचे ते सांगितलं.
माफी हा शब्द घशापर्यंत आला होता,
तिथंच बसला.

तो थोडा वेळ उभा राहिला.
मग म्हणाला, "ताई, ह्यातली नऊ
खरंच माझ्या हातनं फुटली होती."
आणि खिशातून सुटे काढून
नऊ अंड्यांचे पैसे मोजून परत दिले.

मी घेतले.