बोटुकली

सेलमचं दुकान थोरल्याच्या हाती देऊन
हे कायमचे लेंगऱ्याला आले,
आणि चौथ्या दिवशी परसात फक्कीनं चौकोन आखला.
वीस बाय बारा.
मधोमध माझा शेवगा.

पस्तीस वर्षं सोनं गाळलेला माणूस,
तेजाबानं नखं पिवळी पडलेली,
गुंजेच्या खालचंही मोजणारा;
त्याच्या वहीत तळ्याची लांबी होती, खोली होती,
पाणी किती हजार लिटर तेही होतं.
शेवगा नव्हता.

मी भांडले नाही.
रात्री चुलीतली राख घेतली
आणि चौकोन सहा हात सरकवला, उगवतीच्या गडग्याकडं.
सकाळी म्हटलं, पाला पडतो, पाण्यात कुजतो, मासं मरतील.
हे खरं होतं.
तेवढंच खरं होतं असं नाही.

बोळातून जेसीबी येईना.
इलाही आणि त्याचा भाऊ पहार घेऊन आले.
तीन फुटांवर मुरूम लागला, तांबडा, कडक.
शालनकाकी गडग्यावरून डोकावून म्हणाली,
हिंदूरावांनी पुरलेलं काढायला घेतलं वाटतं.
हे हसले.
इलाही मात्र त्यानंतर प्रत्येक ढेकूळ फोडून बघायला लागला.

मग कागद अंथरला, वर बोटभर माती,
मग चुना. चुना ह्यांनी काट्यावर तोलला,
सोन्याच्या.
अर्धं पोतं चुना, मूठ मूठ करून,
दुपार गेली.
मग टेंभूचं पाणी, मग शेणाची काला.
आणि मग वाट बघणं, ज्याची ह्यांना सवय नाही.
मला आहे.

रोज सकाळी बाही सारून
कोपरापर्यंत हात बुडवायचा.
तळवा दिसला तर पाणी अजून कोरं.
बाराव्या दिवशी ह्यांची बोटं हिरव्यात विरघळली.
तसेच वाकून राहिले बराच वेळ,
हात परत मिळेल की नाही, असे.

वहीत शंभर लिहिले होते.
कराडकडून बीज घेऊन आलेला तौफिक म्हणाला, चाळीस.
काका, शंभर टाकाल तर शंभर उपाशी राहतील.
कटला वर चरतो, रोहू मध्ये,
मृगळ तळाशी, मिळेल ते खातो.
ह्यांनी तीन ओळी लिहिल्या, एकाखाली एक.
तमिळमध्ये माशाला मीन म्हणतात, हे म्हणाले.
मी म्हटलं, आपल्याकडंही म्हणतात, राशीत.
ह्यांनी माझ्याकडं बघितलं,
पंचाईत झाल्यासारखं,
की इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलंच नाही.

फुगलेली पिशवी पाण्यावर सोडली.
आत चाळीस बोटुकल्या,
कागदाच्या पलीकडं तेच पाणी,
तरी तेच नाही.
हे गाठ सोडायला धावले.
तौफिकनं हात धरला. अर्धा तास, काका.
आतलं पाणी बाहेरच्याइतकं होऊ द्या,
नाहीतर दचकून मरतात.

अर्धा तास आम्ही काठावर बसलो.
घड्याळ ह्यांच्या हातात.
मी विचारलं, तिकडं गेलात तेव्हा किती दिवस लागले?
हे म्हणाले, कशाला?
मग थोड्या वेळानं, दोन वर्षं.
मग आणखी थोड्या वेळानं,
आणि इकडं आल्यापासून
अजून झोप लागत नाही.
पिशवी वाऱ्यानं हळूहळू फिरत होती.
मी घड्याळ काढून पदराला बांधलं.

मग गाठ सुटली.
कुणी उडी मारली नाही, पाणी चमकलं नाही.
एक एक करून गेल्या,
जणू पाहुण्यांच्या घरात चपला काढून.

वर जाळी बांधली.
खंड्या तरी विजेच्या तारेवर हजर,
कुठून कळतं कोण जाणे.

सकाळी दोन उलट्या तरंगत होत्या.
ह्यांनी त्या काट्यावर ठेवल्या. आकडा सांगितला नाही.
खुरपं घेऊन पुरून आले,
वहीत तारीख घातली, आणि खाली:
अडतीस.
दोन शेवग्याच्या बुडात.