नऊनं भाग जातो का

कॉमर्स घेतलं तेव्हा मावशी म्हणाली,
म्हणजे तू नेमकी होणार काय?
डॉक्टर कळतो, इंजिनिअर कळतो.
मी म्हणाले, हिशेब.
ती म्हणाली, तो तर किराणावाला पण करतो की.

करतो.

आता साखर पेठेत, अरुंद जिन्याच्या वर,
उंबरजे सरांच्या ऑफिसात मी आर्टिकल, तिसरं वर्ष.
सर चहाची बशी फायलीवर ठेवत सांगतात :
बँक आहे, ऑडिट आहे, जीएसटीची प्रॅक्टिस आहे,
आणि कॉस्टिंग नीट शिकलीस
तर अक्कलकोट रोडचे निम्मे टॉवेलवाले तुला शोधत येतील.
माल बोटीनं जातो त्यांचा,
पण एक नॅपकिन पडतो केवढ्याला
विचारलं की पत्र्याकडे बघतात.

कल्लाप्पा पुण्याला गेला.
कुठल्या कंपनीनं कुठल्या कंपनीला काय दर लावला ते तपासतो,
फोनवर समजावतो, मला निम्मं कळतं.
शबाना बागवान बापाच्या अडतीवर बसते,
कांद्याची पट्टी करते : हमाली, तोलाई, अडत,
आणि आकडा न् आकडा मोठ्यानं वाचून दाखवते.
बाप म्हणायचा, ही धंदा बुडवणार.
गाड्या वाढल्या तसं म्हणायचा थांबला.

घसारा शिकवला त्या दिवशी
घरी येऊन नायनांना तीनदा हाक मारली.
चौथ्यांदा खांद्याला हात लावला.
एकतीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभे होते ते.
मागाचा घसारा शेठच्या वहीत दर वर्षी पडतो,
पंधरा टक्के.
मी पुढचं उदाहरण सोडवायला घेतलं.

मार्चअखेर. रात्रीचे साडेदहा.
तेरीज जुळेना. फरक त्रेसष्ट रुपये.
सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
नऊनं भाग जातो का बघ.
जातो.
मग कुणाचा तरी हात घसरलाय, आकडे उलटे पडलेत.
सुतळीच्या खात्यावर सापडलं,
एक्क्याऐंशीच्या जागी अठरा.
एवढा आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.
रिक्षा मिळाली नाही, चालत आले, हसत.

अम्मा जागीच होती.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
पत्र्याच्या फर्म्यावर भिजलेलं पान.
ओकटी, रेंडू, मूडू,
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे, हजार.
पान कमी पडलं की बाजारातून, आपल्या पैशानं.
तिचं पासबुक मी पहिल्यांदाच नीट उघडलं.
वळल्या हजार. लिहिल्या नऊशे चाळीस.
बाकी छाट.
सोमवारीही साठ, मंगळवारीही साठ,
तापात वळल्या तेव्हाही साठ.

पुस्तकात धडा आहे,
साधारण तूट आणि असाधारण तूट.
साधारण म्हणजे व्हायचीच, मान्य करायची.
असाधारण निघाली तर कारण शोधायचं.
छाट झालेली विडी फेकत नाहीत म्हणे.
मग जाते कुठं?
त्याला पावती नाही.

सवयीनं साठाला नऊनं भागलं.
सहा उरले.
म्हणजे हात कुणाचा घसरलेला नाही.

शनिवारी अम्मासोबत ब्रँचला गेले,
दोनशे पानी वही घेऊन.
तिच्या कट्ट्यांची ओळ माझ्या अक्षरात,
तारीख, वळल्या, दिल्या, छाट, कारण.
कारणाचा रकाना कोरा.
चेकरनं मान वर केली. ही कोण?
अम्मा घरात तेलुगूच बोलते,
पण त्याला नीट कळावं म्हणून मराठीत,
पदर सावरून, सावकाश म्हणाली,
अकौंटंट.

त्या दिवशी छाट निघाली बावीस.
मी लिहून घेतली.
बावीसही जास्तच आहेत.