विहीर आपली आहे

खानापूरच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. एक पाय आखूड,
त्याखाली फुटक्या कौलाचा तुकडा.
मराठी कागद कन्नडात, कन्नड मराठीत,
पानाला ऐंशी रुपये. शिक्क्याचे वेगळे.

मंगळवारी दोघी आल्या.
एका रिक्षातून, पण दोन बाजूंनी उतरल्या.
द्रौपदी घाडी आणि गंगव्वा.
मधल्या बांधावर विहीर. तिचा दावा.
पुरावा एकच : एकाहत्तर सालचं निळं अंतर्देशीय,
घडीवर झिजलेलं, कापराचा वास असलेलं.
मष्णू घाडीनं बसलिंगप्पाला लिहिलेलं.

सहा ओळी. पहिल्या चारांत पाऊस, म्हैस, कुणाचं तरी बाळंतपण.
पाचवी :
विहीर आपली आहे, संकोच करू नये.

द्रौपदी म्हणाली, आपली म्हणजे आमची.
बाबा घरच्यांबद्दल बोलतायत. सरळ आहे की.
गंगव्वा म्हणाली, नम्मदु.
कुणाकुणाची ते मी विचारलं नाही.
कन्नडातल्या नम्मला आत-बाहेर नसतं,
समोरचा त्यात आहे की उंबऱ्याबाहेर,
ते बोलणाऱ्याच्या हाताकडं बघून कळतं.
गंगव्वाचा हात पदरात होता.

आणि तिसरं, जे दोघींना सुचलं नाही :
आपली म्हणजे तुमची.
मान देऊन बोलताना आपण म्हणतोच ना,
आपलं गाव कोणतं? आपली मुलगी कितवीत?
करू नये असं लिहिणारा माणूस
मान देत नसेल कशावरून?
मग विहीर मष्णूनं त्या ओळीतच देऊन टाकली.
किंवा अर्धी दिली.
किंवा नुसतं पाणी पी म्हणाला.

वीस वर्षं हेच करतोय, तरी अडतो.
मराठीत माझा म्हणायचं तर आधी वस्तूला विचारावं लागतं :
बैल असेल तर माझा, विहीर असेल तर माझी,
शेत निघालं तर माझं.
मालकच वळतो, वस्तू जागेवर.
कन्नडात नन्न. बैलाला नन्न, विहिरीला नन्न,
बायकोला, तापाला, कर्जालाही नन्न.
कोर्टाच्या कागदाला तेवढंही चालत नाही,
तिथं लिहायचं : अमक्यांना सेरिद.
म्हणजे जाऊन मिळालेलं,
नदीला ओढा मिळतो तसं.
पाण्याबद्दल असं लिहिताना बरं वाटलं असतं,
पण रकान्यात एकच नाव मावतं.

माझ्या घरात तिसरीच बोली.
बायको म्हणते अपना. रात्री तिला विचारलं,
अपना म्हणजे कुणाचं गं?
ती म्हणाली, जेवा आधी.

बुधवारी टाइप करायला बसलो.
नम्म लिहिलं, खोडलं. निम्म लिहिलं, खोडलं.
एका मात्रेचा फरक,
तेवढ्यात विहीर बांधाच्या इकडून तिकडं जाते.
शेवटी पाचव्या ओळीत तो शब्द तसाच ठेवला,
मराठी शब्द, कन्नड अक्षरांत :
आपली.
आणि खाली बारीक टीप, तीन अर्थांची.

गुरुवारी कारकुनानं कागद परत फेकला.
टिपेवर लाल रेघ. शब्दाभोवती लाल गोल.
इदु याव शब्द री? हा कुठला शब्द?
रांगेत माझ्यामागं अकरा माणसं,
पंखा बंद,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं :
नम्दे, साहेब.

त्यानं चष्म्यावरून बघितलं.
कुणाकुणाचा, ते त्यानंही विचारलं नाही.

तारीख एकोणीसची पडली.
बाहेर आलो तर दोघी टेबलापाशीच,
ऐंशी रुपये कुणी द्यायचे यावरून जुंपलेली,
एक मराठीत, एक कन्नडात,
आणि दोघींच्या मधे, कुणाचा ते कळेना,
पाण्याचा एकच तांब्या.