कळवू

ब्लेझर तहसीनचा. कराडहून मामेबहिणीनं पाठवलेला,
खांद्यात जरा मोठा. आम्ही चौघी आळीपाळीनं घालतो.
कर्वेनगरात, कॉट बेसिसवर, एकाच कपाटात
तो एकटा हँगरवर. बाकी सगळ्यांचं सगळं घडी घालून.

आज माझा दिवस.
मनपाला उतरून भोसरीची बस,
उभ्यानंच, फाइल पोटाशी, बाह्या जपत.
कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेतलेल्या एक बाई म्हणाल्या,
"इंटरव्ह्यू का? बसा तुम्ही, चुरगळेल."
आणि उठल्या.
या शहरात न मागता सल्ल्याशिवाय काही मिळालं,
ते दोन वर्षांत पहिल्यांदाच.

खिशात हात गेला तर चिठ्ठी. शर्वरीचं अक्षर:
मायसेल्फ म्हणू नकोस.
पगाराचं त्यांनी काढल्याशिवाय काढू नकोस.
खाली दुसऱ्या पेनानं, बहुतेक तहसीन:
वीकनेस विचारतील. परफेक्शनिस्ट सांगू नकोस,
मी सांगितलं होतं.

रिसेप्शनला आम्ही एकोणीस. जागा दोन.
मॅनेजमेंट ट्रेनी म्हणजे काय
ते आईला फोनवर तीनदा समजावलं होतं.
"म्हणजे साहेब?"
"नाही वं."
"मग कामगार?"
"तेही नाही."
"मंग मधली," आई म्हणाली,
"मधलीला दोन्हीकडून ऐकावं लागते."

आत तिघं. एचआरच्या मॅडम,
चष्मा कपाळावर चढवलेले भाटवडेकर सर,
आणि तिसरा, ज्याचं नाव कुणी सांगितलं नाही,
नखांत ग्रीस.

"वर्धा," भाटवडेकर फाइलीशीच बोलले. "फार ऊन ना तिकडे?"
मी सप्लाय चेन पाठ करून आले होते.
"हो सर," म्हटलं. "असतं."
यावर पुढे काय बोलतात ते चिठ्ठीत नव्हतं.

मग म्हणाले, "तुमच्या दुप्पट वयाचे दहा ऑपरेटर.
टार्गेट होत नाही, ऐकत नाहीत. काय कराल?"
मोटिव्हेशन, टीमवर्क, ओपन कम्युनिकेशन,
सगळं जिभेवर इस्त्री करून ठेवलेलं,
आणि तोंडातून आलं,
"आधी पाहीन ना सर, मशीन कुठं अडून राहिली."

राहिली.
दोन वर्षं मी ते 'राहिली' गिळून राहिले होते,
वर्गात, झेरॉक्सच्या दुकानात, मेसच्या काकूंसमोर
पोळी वाढून मागतानासुद्धा.
मॅडमच्या ओठाचा एक कोपरा हलला.
भाटवडेकरांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.
ग्रीसवाल्यानं पहिल्यांदा वर पाहिलं.

"आणि मशीन ठीक असली तर?"
"मग माणूस अडला असेल. त्यालाच विचारीन."
"तो सांगणार नाही."
"पहिल्या दिवशी कोणीच नाही सांगत सर."

त्यानं काहीतरी लिहिलं.
मला उलटं वाचता येतं. बाबांच्या शिलाईच्या वहीतली मापं
मी लहानपणापासून गिऱ्हाइकाच्या बाजूनं वाचत आलेय.
पण या माणसाचं अक्षर
सुलटंसुद्धा लागलं नसतं.

वीकनेस कुणी विचारलाच नाही.
"कळवू," भाटवडेकर म्हणाले.

गेटबाहेरच्या टपरीवर ब्लेझर काढला,
उलटा केला, दंडावर टाकला, मग चहा घेतला.
पलीकडे शिफ्ट सुटत होती.
दुप्पट वयाचे लोक सायकलींवरून, स्कूटरवरून,
डबा हँडलला अडकवून, एकमेकांना शिव्या घालत, हसत.
मी दहा मोजले. मग मोजणं सोडलं.

उद्या ब्लेझर खराडीला जायचाय.
खालचं बटण सैल झालंय माझ्याच्यानं,
बसमध्ये सारखं पिळत होते.
बाबा घालतात तशी दुहेरी गाठ मारून पक्कं केलं,
दोरा दातानं तोडला,
चिठ्ठी सरळ केली,
पेन घेऊन बराच वेळ बसले.
तहसीन म्हणाली, "लिही की काहीतरी, उद्या मला लागेल."

लिहिलं:
पाणी फ्रिजमधलं देतात. हळू पी.