दोन ते चार

हरभऱ्याच्या बियाण्याचं जुनं कॅलेंडर पालथं घालून
मुजीब पेन्सिलीनं रेघा मारतो.
शनिवार, रविवार. पॉलिटेक्निकची तीन नंबरची लॅब.
परभणीत दोन ते चार लाईट नसते,
म्हणून सर्व्हर सकाळी, भाषणं दुपारी.
भाषणाला काय, तोंड बॅटरीवर चालतं.

पहिलं सत्र माझं:
फोन वाजायच्या आधी काय काय होतं.
मग जोडणी. भंगारातून आणलेले चार फोन,
एक म्हातारा संगणक, आणि हे सॉफ्टवेअर,
ज्याचं पोट कुणीही उघडून बघावं,
बिघडवावं, परत शिवावं.
'फुकट म्हणलं की कुणी येत नसतंय,' दैवशाला म्हणते,
'पन्नास रुपये ठेवा. चहासगट.'

एकशे एकनं एकशे दोनला हाक मारायची.
दोघं एकाच बाकावर बसलेले असतील,
तरी घंटी वाजली की पोरं ओरडतात.
ओरडायला दहा मिनिटं धरली आहेत.

अडलं ते आवाजापाशी.
'मराठीसाठी एक दाबा' म्हणणारी ती बाई
आमच्यापैकी कुणाच्याच नात्यातली नाही.
मुजीबनं म्हणून बघितलं, त्यालाच हसू फुटलं.
तेव्हा दैवशालानं मावशीला आणलं.

विमलताई पत्तेवार, ट्रंक एक्स्चेंज, एकतीस वर्षं.
मेथीची पिशवी मांडीवर धरून
त्यांनी आमचं वेळापत्रक तपासलं,
शाळेच्या वहीसारखं.
'ह्याच्यात थांबा म्हणायला कोणंय?'
आम्ही होल्डचं संगीत वाजवलं.
'गाणं नाही रे. माणूस.
जिंतूरहून बाळंतिणीचा कॉल आला की
मी आडत्याची हैदराबादची लाईन तोडायचे.
ते कुठं बसतंय तुमच्यात?'

'प्राधान्य म्हणतात त्याला,' मुजीब उत्साहानं म्हणाला,
'फाईलमध्ये एक ओळ लिहायची, बस.'

'एक ओळ?'
त्या बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या.
पडद्यावर काहीच हलत नव्हतं.
'मला मेमो मिळाला होता त्याच्यासाठी. दोनदा.'

मग माईक पुढं केला.
आम्ही लिहून दिलेला कागद त्यांनी बघितला नाही.
'थांबा हं,' म्हणाल्या, 'लावून देते,'
आणि उजवा हात आपसूक वर गेला,
हवेत कुठंतरी पिन खोचल्यासारखा.

दुपारच्या चौकटीत आता त्यांचं नाव आहे.
विषयाची जागा मुजीबनं कोरी सोडली.
लाईट नसेल, माईक चालणार नाही,
हे सांगायला मी तोंड उघडलं तर त्या हसल्या:
'पावसाळ्यात मुंबईला ऐकू जायचं रे माझं.'

मेथी निवडायची राहिली होती.
ती त्यांनी आमच्याच टेबलावर पसरली.