बोट ठेवायला जागा

उणे सव्वीस. योएन्सूच्या छापखान्यामागे
बर्फ ढकलणारी गाडी पुढे-मागे होतेय
आणि मी एका आकड्याशी अडलेय.
अनुक्रमणिकेची खोली: एक.
म्हणजे फक्त प्रकरणं. अठरा ओळी, एकच पान.
बोट ठेवायला जागा नाही, असं मला वाटलं होतं.

सोमवारी वेइक्को तोल्वानेन आला,
एकतीस वर्षं झाडं कापायच्या यंत्रात बसलेला.
जाड हातमोजे काढलेच नाहीत त्यानं.
उजव्याचं एक बोट दुमडून शिवलेलं.
"तेलाची नळी फुटलीय," तो म्हणाला,
"अंधार आहे, दिवा असा पायाशी.
सांग हिल्का, कुठलं पान?"
प्रकरण नऊ, मी म्हटलं.
"नऊ सत्तर पानांचं आहे,"
आणि त्यानं अंगठा टेकवला ओळीवर.
अंगठ्याखाली तीन ओळी गेल्या.

मग मी साचा उघडला.
खोली तीन केली, तर यादीच अकरा पानांची,
वॉशर आणि बोल्टसुद्धा मानाच्या पंगतीत.
परत एक केली. फक्त नवव्यासाठी वेगळा नियम लिहिला:
याच्या पोटातलं सगळं दाखव,
बाकीच्यांचं झाकून ठेव.
ओळींतलं अंतर वाढवलं अंगठ्याच्या मापानं,
माझ्या नव्हे, त्याच्या, मोज्यासकट.
ठिपके विरळ केले. दाट ठिपके
हलत्या उजेडात एकमेकांत कालवतात.

गंमत बघा, हे पान पुस्तकात पहिलं,
पण आकडे त्याला मिळतात सगळ्यांच्या शेवटी.
आधी अख्खं पुस्तक मांडून होतं, पानं मोजून होतात,
मग कुणीतरी मागे येऊन रिकाम्या जागा भरतं.
तोवर ठिपक्यांच्या टोकाला
नुसता शब्द दिलेला असतो.

एका ओळीला आकडा आलाच नाही.
नऊ-चार, आणि पुढे दोन प्रश्नचिन्हं.
फाइलीत खाली खाली गेले.
शीर्षक होतं, मजकूर नव्हता.
होती फक्त एक टीप, त्या खुणांच्या आड
जिथलं कधीच छापलं जात नाही:
"दाब उतरल्याशिवाय नळीला हात लावू नये.
हे वाक्य कुणी गाळायचं नाही.
शंका असेल तर वेइक्कोचा हात बघा.
आर्वो, मार्च २००४."

आर्वोला जाऊन सहा वर्षं झाली.
वाक्य गाळणारा कोण, ते फाइल सांगत नाही.
सही माझीही असू शकेल, त्या वर्षी मी घाईत असायचे.

खुणा काढल्या. वाक्य उजेडात आणलं,
टिपेची बाकीची ओळ तिथेच ठेवली, आड.
पुन्हा चालवलं. ठिपके गेले, गेले,
आणि थांबले: २१३.

बुधवारी वेइक्कोनं खोलीतला दिवा मालवला,
टॉर्च पायाशी ठेवला, अंगठा टेकवला.
एकच ओळ झाकली गेली.
बराच वेळ त्यानं तो उचलला नाही.
मग म्हणाला, "कागद फार चकाकतो."

ते माझ्या साच्यात नाही.