अकरा सेकंद

मोबाईल उभा राहावा म्हणून ज्वारीच्या डब्याला टेकवला.
तरी आत्याचं अर्धं कपाळ कापलं जात होतं,
मग डब्याखाली गेल्या सालचं पंचांग सारलं.
"कुठं बघू?"
इथं, या ठिपक्याकडं.
"ह्यात कोण हाय?"
मी म्हटलं, कोइमतूरचे, त्रिचूरचे, गुवाहाटीचे,
कानपूरची दोन घरं, सगळेच आहेत.
तिनं पदर सारखा केला
आणि ठिपक्याला विचारलं, "जेवला का?"

विट्यापासून जवळच आमची भाळवणी.
आमच्या आळीत निम्म्या दारांना कुलपं,
कुलपं मात्र पितळेची, भारी. यात्रेला उघडतात.
आमच्यातले लोक देशभर सोनं गाळतात.
सोनाराच्या दुकानातला केर विकत घेतात,
जाळतात, धुतात, तेजाबात घालतात,
आणि पोतंभर केरातून गुंजभर काढतात.
त्यांची पोरं गावाला बाळवणी म्हणतात.
म्हणून ठरवलं, दर रविवारी एक व्हिडिओ,
अडीच मिनिटांचा. त्यापुढं कुणी बघत नाही,
हे मला माझ्याच लग्नाच्या सीडीनं शिकवलंय.

पहिला आडाचा केला. दुसरा शाळेचा, बाभळीसकट.
ग्रुपवर जोडलेले हात आले, अंगठे आले,
कानपूरच्या जाऊबाईंनी गुलाब पाठवला,
जो त्या मयतालाही पाठवतात.

तिसरा आत्याचा.
बहात्तर साल. खडी फोडायला जायची ती.
तळहाताचं सांगितलं, सुकडीचं सांगितलं,
मुकादमाची नक्कल केली आणि स्वतःच हसली.
मग डाळ निवडताना बोलावं तसं, खाली बघत,
"दादाला तिकिटाला पैसं नव्हतं.
माझा मालक जाऊन सा म्हैनं झालतं.
डोरलं चिंधीत पडून हुतं.
म्हटलं, ने. आटीव.
तुझा हात बी बसंल, तिकीट बी निघंल."

पाठवण्याआधी आबाकाकांना दाखवला.
गुवाहाटीहून लगेच फोन.
"एक मिनिट दहाच्या पुढचं तेवढं काढ.
दादा उसनवारीवर गेला, असंच सांगत आलोय आपण.
तू सून माणूस, तुला ठाऊक नाही,
असलं डोरलं धंद्याच्या मुळाशी,
बाहेरच्यांनी ऐकलं तर...
बाकी झकास झालाय. मागं बासरी टाक."

काढलं.
कात्रीचं चित्र दाबलं, दोन्ही कडा जवळ आल्या.
आत्या मुकादमावर हसली
आणि लगेच म्हणाली, "तर असा गेला दादा."
सांधा दिसत नव्हता. बासरी छान होती.

संध्याकाळी तिला दाखवला.
चष्मा पुसून तिनं स्वतःला शेवटपर्यंत पाहिलं.
मग पडदा काळा झाला तरी पाहत राहिली.
"आन् माझं डोरलं?"

मी म्हटलं, लांब होत होता.
"किती लांब?"
अकरा सेकंद.
भाकरी करपंल म्हणत ती उठली.
चुलीवर तवा नव्हताच.

रात्री ते अकरा सेकंद सुटेच पाठवले.
बासरी नाही, नाव नाही, तारीख नाही.
कुणी कुणी पाहिलं ती यादी वाढत गेली,
नऊ, एकवीस, त्रेचाळीस.
हात कुणी जोडले नाहीत.
गुलाबसुद्धा आला नाही.
आबाकाका काहीतरी लिहीत होते,
थांबले, पुन्हा लिहायला लागले, थांबले.

साडेअकराला कोइमतूरहून दादांच्या नातीचा,
स्वरांजलीचा मेसेज,
इंग्रजी अक्षरांत जपून मांडलेलं मराठी:
डोरलं म्हणजे काय?

सकाळी पुन्हा डबा, पुन्हा पंचांग.
आत्याला प्रश्न वाचून दाखवला.
ती कितीतरी वेळ ठिपक्याकडं बघत बसली,
मी काही थांबवलं नाही, अडीच मिनिटं होऊन गेली.
मग तिनं हात गळ्याशी नेला,
अंगठ्याजवळ बोट आणलं,
मधे थोडी हवा ठेवली.
"एवढं," म्हणाली.